मला कोंब फुटले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्तन आहे. खोटा. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो. चारचौघांत माझे नावही घेता येत नाही. घरात माझी मालकीण मला नुसते 'ते' म्हणे.

माझा जन्म मोन्तेविदेओ शहरात, चर्चमागच्या खोलीत झाला. छातीच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या बायका तिथे जमत. नव्याने आलेल्या बाईसाठी जुन्या बायका सुती धाग्याचा स्तन विणत आणि आत पाखरांना घालतात ते बारीक दाणे भरत. दाण्यांना वजन असते, अंगाची ऊब लागली की तेही ऊबदार होतात. माझे माप त्यांच्यातल्या ओफेलियाबाईंनी घेतले. त्या नव्याने आलेल्या एतेल्विनाच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, हातात एकेक फळ ठेवत होत्या.

"मोसंबं?"

"जरा मोठं."

"मग हे पपनस?"

"बाई, एवढं तर आधीही नव्हतं," असे म्हणून एतेल्विनाने लाजून पपनस खाली ठेवले.

म्हणून मी मोसंब्यापेक्षा मोठा आणि पपनसापेक्षा लहान आहे.

एतेल्विना कोपऱ्यावर साखर पेरलेल्या तळलेल्या पुऱ्या विकत असे. मी आलो तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते, जिभेला चव नव्हती, किरणांचा शेक देऊन देऊन कातडी करपली होती आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो वर जावा म्हणून ती रोज भिंतीवरून बोटे चालवत नेई. भिंतीवर बोटांचा एक तेलकट रस्ताच तयार झाला होता. मीही कामाला लागलो. कोणाच्या लक्षात न येणे, हे माझे काम. अशा नोकरीत शाबासकी मिळणार कशी? आणि ज्याच्या जागी मी बसलो होतो, तो तिचा जन्माचा सोबती. मी कोण, तर बाजारातले पाखरांचे खाणे. मला फार शरम वाटे.

आमच्याकडे फेब्रुवारीत ढोलांची मोठी मिरवणूक निघते. वस्तीच्या ताफ्यापुढे एतेल्विना वर्षानुवर्षे 'म्हातारी आई'चे सोंग घेऊन नाचत आली होती. घेरदार झगा, एका हातात पंखा, दुसऱ्यात छत्री. तिचा जोडीदार शेजारचा अनिबाल. तो झाडपाल्याचा म्हातारा वैद्य होई. कापसाची दाढी, हातात पाल्याची पेटी, आणि तिच्याभोवती थरथरत नाचायचे. यंदाही येते, असे तिने त्याला सांगून ठेवले होते. तिचा आजार सगळ्या गल्लीला ठाऊक होता. मी मात्र कोणालाच ठाऊक नव्हतो.

मला धुण्याआधी शिवण उसवून दाणे काढायचे, हे ओफेलियाबाईंनी बजावले होते. पण उसवायचे म्हणजे मला टेबलावर ठेवून नीट बघायचे. एतेल्विनाला ते जमेना. मिरवणुकीच्या आठवड्यात तिने डोळे मिटून मला दाण्यांसकट साबणाच्या पाण्यात बुचकळले. गच्चीतल्या दोरीवर वाळत घातले तर गल्ली बघणार. म्हणून पिळून, पिशवीत गुंडाळून, मोरीच्या कपाटात लपवले. आत ओल, उकाडा आणि फटीतून येणारा थोडा उजेड.

मिरवणुकीच्या सकाळी तिने मला बाहेर काढले तेव्हा मी हिरवागार होतो. मला कोंब फुटले होते.

ती खुर्चीत बसली. "एक वाढ डॉक्टरांनी काढली," ती भांड्यांना म्हणाली, "आणि ही दुसरी मीच लावली."

तेवढ्यात दाढी लावून अनिबाल आत आला.

"शेजारीणबाई, झगा कुठाय? तिकडे कातडं ताणायला ढोल शेकोटीला लावलेत."

"मी येत नाही. बरं वाटत नाहीये."

"काल तर बरं होतं. काल मला माकड म्हणालीस."

"ते बरं होतं म्हणून नाही म्हणाले. खरं आहे म्हणून म्हणाले."

"मग मी थरथरू कुणाभोवती? विजेच्या खांबाभोवती?"

एतेल्विनाने रागाने मला त्याच्यापुढे आदळले. त्याने चष्मा लावला.

"कोथिंबीर?"

"माझी छाती आहे ती."

मित्रांनो, त्या क्षणी मी कुजून गेलो असतो तर बरे झाले असते. अनिबालने टोपी काढली. मग दाढीही काढली.

"पाणी जास्त झालं," तो म्हणाला.

एतेल्विना हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. "लोकांना दिसेल रे. एका बाजूनं सपाट आहे मी."

"दिसेल," तो म्हणाला. "मला धड बोलता येत नाही, एतेल्विना. पण माझ्या पेटीत यंदा सगळा वाळका पाला आहे. हे ताजं आहे. नेऊ?"

"माझी छाती तू रस्त्यातून मिरवणार?"

"तू बरोबर असलीस तरच. नाहीतर चोरी होईल."

ती उठली. तिने झगा घातला. माझ्याशिवाय.

रस्त्यात अनिबाल दर चौकात पेटी उघडून मला उंच धरी. बघ्यांपैकी कोणी ओरडले, "वैद्यबुवा, कसला पाला हो?" उत्तर एतेल्विनाने दिले.

"माझा आहे. घरचाच."

आणि तिने उजव्या हाताने छत्री उचलली. कानापर्यंत गेली, त्याच्या वर नाही. दुखत होते, तोंडावर दिसत होते. तिची सपाट बाजू सगळ्या रस्त्याला दिसली. रस्ता नाचत राहिला.

पुढे तिने मला स्वतः उसवले आणि नवे दाणे भरले. शरम पुरती गेली, असे मी म्हणणार नाही. तिचीही नाही, माझीही नाही. पण हल्ली मी गच्चीत वाळतो आणि चिमण्या माझ्याकडे भलत्या नजरेने बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरात आई, मावशी, आजी असे काही टॉवेलखाली झाकून वाळत घालत असेल, तर टॉवेल ओढू नका. शेजारी आपले मोजे वाळत घाला, आणि ऊन कुठे चांगले येते ते तिला सांगा.