मेल्या म्हशीचं दावं

पारडू काही केल्या घमेल्यात तोंड घालत नव्हतं. जगन्नाथनं दोन बोटं दुधात बुडवली, त्याच्या तोंडात दिली, आणि ते चोखायला लागल्यावर हात हळूहळू खाली नेला. कासेला तोंड लावायचं तर मान वर करायची, एवढं पारडू आईच्या पोटातूनच शिकून येतं. मान खाली घालून प्यायचं मात्र त्याला माणसानं शिकवावं लागतं. हे पारडू जरा जास्तच मानी निघालं होतं.

तेवढ्यात सून प्रियदर्शनी फोन घेऊन आली. जगन्नाथचे दोन्ही हात दुधानं भरलेले, म्हणून तिनंच फोन त्याच्या कानाला लावला.

"मामा, आण्णासाहेब हायत."

"जगन्नाथ, आमची मोठ्या शिंगाची म्हैस गेली रे," अण्णासाहेबांचा आवाज आला. "सकाळी पाह्यलं तर आडवी. ट्रॅक्टर काढून ठेवलाय. ऊन चढायच्या आत ये जल्दी, नेऊन टाक बाबा."

"मी?"

"मंग कोण? तुझंच काम हाय ते. आन् तुझी दोन पारडी बी घेऊन जाय संगं."

फोन बंद झाला. इकडे पारड्यानं एकदाचं तोंड घमेल्यात घातलं होतं आणि चुरूचुरू दूध ओढत होतं. एरवी एवढ्यावर जगन्नाथ दिवसभर खूश राहिला असता. आज त्यानं बोटं लुंगीला पुसली आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

हसनाबादच्या अलीकडच्या या गावात जगन्नाथ साळवे हल्ये पाळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हल्या म्हणजे म्हशीच्या पोटी आलेला नर. त्याला दूध नाही, आता ट्रॅक्टर आल्यावर ओढायला कामही नाही. त्यामुळे म्हशीला हल्या झाला की गोठ्यावाल्याचं तोंड उतरतं. कोणी त्याला मारत नाही. नुसतं दूध तोडतात, खुंट्याला बांधतात आणि विसरून जातात. चार-सहा दिवसांत तो आपसूकच मरतो. जगन्नाथ अशी पारडी उचलून आणायचा, ताकावर, पेंडीवर, सरकीवर जगवायचा आणि चांगला भरला की खाटकाच्या व्यापाऱ्याला विकायचा. "शेवटी सुरीच हाय की रे त्याच्या नशिबी," असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, "व्हय. पर उपाशी तर न्हाई मरत."

धंदा वाईट नव्हता. पण गेल्या पावसाळ्यापासून बाजारात व्यापारीच दिसेनात. हल्या विकायला कायद्याची आडकाठी नव्हती, तरी रस्त्यात गाड्या अडवणाऱ्यांना गाय कोणती आणि हल्या कोणता, हे अंधारात कळत नसे आणि उजेडातही कळून घ्यायचं नसे. दोन-तीन गाड्या फोडल्या गेल्या, ड्रायव्हर मार खाऊन दवाखान्यात पडले, आणि व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. जगन्नाथच्या दावणीला मोठे झालेले हल्ये नुसते उभे राहून खात होते. त्यांच्या पाठी चकाकत होत्या, आणि तो पेंडीची उरलेली पोती मोजत होता.

अशात प्रियदर्शनीनं फोनवर एक बातमी शोधून काढली. तिचा नवरा, म्हणजे जगन्नाथचा निखिल, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. ती इथं सासऱ्याच्या हाताखाली हल्ये बघायची आणि फावल्या वेळात ढोरांच्या बातम्यांचे कुठले कुठले ग्रुप वाचायची. एका कंपनीला मांसासाठी हल्ये हवे होते. कंपनी खुराक देणार, लस टोचणार, कानात बिल्ला मारणार आणि तयार झालेला माल स्वतःच्या गाडीनं, कागदपत्रांसह, दारातून उचलणार. बाजार नको, रस्त्यावरची मारामारी नको. अट एकच होती, लहान-मोठे धरून वीस जनावरं दावणीला पाहिजेत. त्याहून कमी असतील तर त्यांची गाडी या बाजूला वळणारच नव्हती.

जगन्नाथकडं अठरा होते. उरलेली दोन पारडी अण्णासाहेबांनी कबूल केली होती. ओढ्यापलीकडं त्यांचा चाळीस म्हशींचा गोठा. तालुक्यात एवढा दुसरा नव्हता, आणि जगन्नाथची निम्मीअधिक पारडी तिथूनच येत. कंपनीचा माणूस उद्या यायचा होता.

"कोनाचा फोन व्हता रे?"

काटेरी कुंपणापलीकडून रमाआत्याचा आवाज आला. ती त्याच्या बापाची बहीण. ऐंशीच्या घरात आलेली, नवरा गेल्यापासून शेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. प्रियदर्शनीच्या हातच्या भाकरीवर तिचा फार जीव. पण गेल्या वर्षापासून तिनं या घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

कारण घडलं होतं तसंच. ढोराच्या देण्याघेण्यात या भागात एक रीत आहे. देणारा जनावराचं दावं घेणाऱ्याच्या हातात देतो. दावं हातात आलं की जनावर तुझं. मग ते जगो नाहीतर मरो, देणाऱ्याचा संबंध संपला. गेल्या वर्षी अण्णासाहेबांच्या गोठ्यावर जगन्नाथनं एका पारड्याचं दावं हातात घेतलं आणि दहा पावलं चालत नाही तोच ते पारडू पाय ताणून मेलं. आधीच अर्धमेलं होतं. दावं हातात, म्हणजे मढं आपलं, एवढाच साधा हिशेब करून जगन्नाथनं ते ओढत नेलं आणि ओढ्याकाठी पुरलं. शब्दाला जागणारा माणूस. करू नये ते तिथंच करून बसला. गावानं काय पाहिलं? साळव्यांचा जगन्नाथ अण्णासाहेबांच्या गोठ्यातून मेलेलं ढोर ओढून नेतोय.

रमाआत्यानं ते आपल्या दारातून पाहिलं होतं. ती भांडली नाही. संध्याकाळी प्रियदर्शनीनं नेहमीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाली, "राहू दे माय." त्यानंतर ते राहिलंच.

"आण्णासाहेबांचा," जगन्नाथ म्हणाला. "म्हैस मेली त्यांची."

जणू कोणी विचारलंच होतं अशा सुरात आत्या सांगू लागली. "तुह्या आज्यानं मेलेलं ढोर वढायचा दोर जाळला, तव्हा मी परकरात व्हते. नारळाचा दोर, त्येलपाणी पेलेला. लई येळ जळला. मंग गावानं आमचं काम बंद केलं, गिरनी बंद केली. आख्खा पावसाळा आमी तरोट्याची भाजी उकडून खाल्ली. बिनमिठाची." तिनं कुंपणावरून वाकून पाहिलं. "जातू का तू?"

"पारडी आणाया जातो," जगन्नाथ म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

अण्णासाहेब गोठ्याच्या पडवीत खुर्ची टाकून बसले होते. पुढं ताडपत्रीखाली म्हैस. वाकलेलं एक शिंग तेवढं बाहेर आलेलं. मागच्या पायाला दावं बांधून त्याचं टोक मोकळं सोडलं होतं. बाजूच्या खुंट्याला दोन पारडी उभी होती. दोघांच्या फऱ्यांची हाडं दिसत होती, आणि माणूस दिसताच दोन्ही ओरडायला लागली.

"ये ये. च्या घेतो का?" अण्णासाहेब खरोखरच मोकळ्या मनानं म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. जयंतीला वर्गणी द्यायचे, मिरवणुकीला पाण्याचा टँकर पाठवायचे. "इमानदारीनं सांगतो, चौथ्या वेताची म्हैस गेली तर जीव हळहळतो. जाऊ दे. दावं घे हातात."

"आण्णासाहेब, मी जितं न्यायला आलो. मेलेलं न्हाई नेणार."

"मागल्या साली नेलं की."

"त्याचं दावं मी हातात घेतलं व्हतं. ते माझं व्हतं."

"मंग हे बी घे हातात. हे बी तुझं." अण्णासाहेब हसले. जगन्नाथ हसला नाही, तसे तेही गंभीर झाले. "हे पाय, मनात भलतं आणू नको. याच्यात जातीबितीचा बिलकुल विषय न्हाई. तू ढोराचा धंदा करतो म्हून तुला बोलावलं. माझ्या पोरानं केला असता हा धंदा, तर त्याला सांगितलं असतं."

"त्यानं वढून नेली असती का?"

अण्णासाहेबांनी खिशातून फोन काढला, उगीच त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खिशात घातला. बोललो ते बराबर बोललो, हे जगन्नाथला कळत होतं. आणि पारडी ओरडत होती, हेही ऐकू येत होतं. त्यानं खुंट्याकडं एक पाऊल टाकलं.

"मंग पारडी बी राहू दे आता," अण्णासाहेब शांतपणे म्हणाले. "घेनंदेनं दोन्हीकडून असतं, जगन्नाथ."

तो घरी पोचून पाणी पितोय तोवर ओढ्यापलीकडून जेसीबीचा घरघराट ऐकू आला. हसनाबादहून मागवला असणार. अर्ध्या तासात खड्डा झाला आणि म्हैस बुजली. म्हणजे एका फोनचंच काम होतं. फक्त तो फोन आधी जगन्नाथला आला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. मिथुन नाव, पोरगेलासा, चेहऱ्यावर घाम, बोलायला गोड. त्यानं दावण फिरून पाहिली, हल्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाला, "काका, असे हल्ये मी या तालुक्यात न्हाई पाह्यले." मग मोजले. पुन्हा मोजले.

"दोन कमी हायत, काका."

"दोन येतील की. पुढच्या महिन्यात..."

"गाव आजच्या आज कळवायचं हाय मला. गाडीचा रस्ता ठरून राह्यलाय." त्याला वाईट वाटत होतं. "आज संध्याकाळपर्यंत कुठून बी आणा. लहान चालतील, मरतुकडे चालतील. आम्ही बघतो त्यांचं."

प्रियदर्शनीनं सासऱ्याकडं पाहिलं. वस्तीत दोन-चार घरांत म्हशी होत्या, पण कोणाकडं हल्या उरला नव्हता. असते तर केव्हाच जगन्नाथच्या दावणीला आले असते. ओढ्यापलीकडून मात्र दोन पारड्यांचं ओरडणं सकाळपासून येत होतं. त्यातलं एक आता घोगरं झालं होतं.

जगन्नाथनं अभिमान गिळला आणि स्वतःच फोन लावला. कुंपणापलीकडं आत्या सूप घेऊन बसली होती, तिचा हात थांबला.

"आण्णासाहेब, ती पारडी मला लागून राह्यली. विकत घेतो, तुम्ही म्हणाल तशी."

"विकत कशाला? तुझीच हायत की," पलीकडून आवाज आला. रागाचा लवलेश नव्हता. "आता पोराबरोबर पाठवून देतो. फकस्त एक. माझी म्हातारी म्हैस बी काही खरी न्हाई. उद्या परवा तिचं काही झालं, तर येशील ना? येतो म्हण. बास, तेवढंच. मला बी दर टायमाला जेसीबीचा खर्चा परवडत न्हाई."

एक शब्द होता. येतो. म्हणायचा आणि वेळ आली की बघून घ्यायचं; म्हातारी म्हैस अजून वर्षभर जगेलही. दुसऱ्या कोणी म्हटला असता आणि विसरून गेला असता. पण जगन्नाथ साळवे म्हणाला असता तर गेला असता, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, आणि अण्णासाहेबांनाही. म्हणून तर ते नुसता शब्द मागत होते. जगन्नाथनं दावणीकडं पाहिलं. कालचं मानी पारडू रिकामं घमेलं चाटत होतं.

"न्हाई, आण्णासाहेब," तो म्हणाला. "मेलेल्याला न्हाई येणार मी. कव्हाच न्हाई."

मिथुन चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या साली गाडी इकडून आली तर नक्की फोन करतो." ते सगळेच जण म्हणतात. प्रियदर्शनीनं कपबशा उचलल्या आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. ती रडत असावी. ही कंपनी तिनं शोधली होती. आता अठरा तोंडांना रोज वैरण घालायची होती. जगन्नाथनं विळा घेतला आणि तो कडबा तोडायला बसला.

ऊन कलल्यावर काठीचा आवाज आला. रमाआत्या कुंपणाला वळसा घालून अंगणात आली होती. वर्षानंतर. ती दावणीपाशी जरा थांबली, एका हल्याच्या शिंगाला हात लावला आणि लिंबाखालच्या बाजेवर येऊन टेकली.

"पाणी दे गं पोरी," ती म्हणाली.

प्रियदर्शनीनं घाईघाईनं डोळे पुसले, तांब्या घासला, भरला आणि आणून दिला. आत्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि वरून न पिता, आपल्या घरचा असल्यासारखा ओठांना लावून प्यायली. जगन्नाथचे डोळे भरून आले. आत्याच्या पायाशी बसावं, काहीतरी बोलावं, असं त्याला फार वाटलं.

पण त्याचा कान ओढ्याकडं होता. दुपारपर्यंत तिकडून दोन आवाज येत होते. मग एकच घोगरा येत राहिला, थांबून थांबून. आत्या घोट घेत होती आणि तो हातातला विळा तसाच धरून पुढच्या ओरडण्याची वाट बघत होता.

तांब्या संपला. आत्यानं तो पालथा करून बाजेवर ठेवला. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही.