तिघांचा फोटो

छप्पनच्या नोव्हेंबरात सचिवालय ग्वाल्हेरहून भोपाळला गेलं आणि तिथला कारकून लक्ष्मीकांतही गेला. क्वार्टर मिळेना, म्हणून त्याची बायको सुनंदा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सासरीच राहिली. फाल्गुनात मुलगी झाली. नव्या कचेरीत रजा मिळेना, त्यामुळे बापानं तिला अजून पाहिलंच नव्हतं.

पाटणकर बाजारात महिपतरावांचा फोटो स्टुडिओ होता. ते सासऱ्यांचे जुने स्नेही. सुनंदाचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून मुलगी सासूबाईंकडे ठेवून ती दुपारी त्यांच्याकडे कामाला जाऊ लागली. भोपाळला गेलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत बसवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं तेव्हा बरीच येत. ते काम महिपतरावांनी तिला शिकवलं. निगेटिव्हच्या काचेवर माणसाच्या भोवतीनं बारीक ब्रशनं लाल रंग भरायचा, म्हणजे कागदावर फक्त माणूस उमटतो. दुसऱ्या, घरच्यांच्या काचेवर त्याची जागा तशीच झाकायची आणि तीही त्याच कागदावर छापायची. केसांपाशी तिचा ब्रश आत घसरे. आरामात कर, जल्दी कसली, असं ते म्हणत.

हात बसल्यावर तिनं स्वतःच्या घरचाही असा फोटो करू का, म्हणून विचारलं. जाण्याआधी काढलेली लक्ष्मीकांतची काच स्टुडिओत होती. त्यात उजेड डावीकडून पडला होता. तसाच उजेड घेऊन महिपतरावांनी सुनंदाला मुलीसह बसवलं आणि शेजारी रिकामी खुर्ची ठेवली.

"थोडं खुर्चीकडे बघ. तो बसलाय असं समज."

तिला बघवेना. चौथ्यांदा जमलं.

मग चार दुपारी ती नवऱ्याच्या कडेनं रंग भरत होती. कान, मान, खांदा. भरल्या घरात दोन वर्षं संसार झाला, पण इतका वेळ त्याच्याकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

फोटो भोपाळला गेला. कचेरीत सगळ्यांना तो खराच वाटला, असं लक्ष्मीकांतनं कळवलं. खाली एक ओळ होती: "आपण असे कधी बसलो होतो, ते मला काही आठवेना."

सुनंदानं त्याच दिवशी उत्तर टाकलं. क्वार्टरची वाट पाहू नका, एक खोली बघा. सासऱ्यांनाही तिनंच सांगितलं. ते म्हणाले, "जा."

खोली मिळाल्याचं पत्र आलं. तिकीट सहा दिवसांनंतरचं निघालं. आधीचे दहा महिने तिनं कसेही काढले होते. हे सहा दिवस काही केल्या सरेनात.