श्यामकाकांची लिंक

शेवंतीच्या फुलात सुई अर्धी शिरली होती, तेवढ्यात वैजनाथचा फोन वाजला. त्याने सहज पाहिलं आणि सुई थेट बोटात गेली.

निरोप श्यामकाकांचा होता. गोल चौकटीत त्यांचाच फोटो, मिश्किल डोळ्यांचा. खाली लिहिलेलं: 'मी हे नवं अॅप घेतलं. माझ्या लिंकवरून घ्या, दोघांनाही शंभर रुपये बक्षीस.'

काकांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांच्या गळ्यातला शेवटचा हार वैजनाथनेच ओवला होता.

वैजनाथ हिंगोलीकडचा. शनिवार पेठेतल्या या कोपऱ्यावर फुलं विकता विकता केस पिकले, पण ओवताना ओळी जुळवायची गावाकडची सवय काही गेली नव्हती.

शेवंतीच्या फुला, तुझी पिवळी रे कांती
जाणाऱ्याच्या गळा, येणाऱ्याच्या हाती

सकाळपासून हेच ओठांवर होतं. आता ती ओळ अर्ध्यावरच राहिली.

"तुलापण आला?" समोरच्या डेअरीतून संतोष धावतच आला. "अरे, अख्ख्या गल्लीला आलाय! माझ्या हातून दुधाची पिशवी पडली."

"काकांचा फोन चालवतंय कोण?"

"घरात दुसरं आहे कोण? काकूच. हुशार निघाल्या हो! तू हाराचे पैसे घेतले नाहीस ना? बस आता. उलट तुझ्यावरच शंभर कमावतायत."

वैजनाथला ते बोटातल्या सुईपेक्षा खोल लागलं. रोजच्या गिऱ्हाइकाच्या शेवटच्या हाराचे पैसे घ्यायचे नाहीत, ही त्याची रीत. आणि लिंकचीही गल्लीत एक रीत बसली होतीच. आधी तोंडी विचारायचं, मग पाठवायची. भवानी झाल्याशिवाय विषय काढायचा नाही. बक्षीस आलं, तर समोरच्याला चहा पाजायचा. आणि दुःख झालेल्या घरी लिंक धाडायची नाही. पण त्याच घरातून लिंक आली तर काय करायचं, हे कुणाला ठाऊक?

पूजेच्या फुलांची पुडी घेऊन तो जिना चढला. दुसऱ्या मजल्यावर आनंदीकाकूंनी दार उघडलं. काका गेल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यांच्या हातात काकांचा फोन होता आणि चेहरा भेदरलेला.

"बरं झालं आलात. अहो, सकाळपासून सारखे फोन येतायत. मी हॅलो म्हटलं की समोरचा ठेवूनच देतो. आमच्या नणंदबाई तर किंचाळल्याच."

वैजनाथला कळेना कुठून सुरुवात करावी. "काकू, तुम्ही या फोनात काही नवं टाकलं का?"

"टाकलं ना. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही हाराचे पैसे घेतले नाहीत. हातात दिले तर परत कराल, म्हणून म्हटलं असे पाठवावेत. माझा फोन बटणांचा. म्हणून ह्यांच्या फोनात अॅप घेतलं. खातं दोघांचंच आहे. लेकीला, तनयाला फोन लावला, ती हिंजवडीच्या बसमध्ये. म्हणाली, आई, जे विचारेल त्याला 'हो' म्हण. म्हणत गेले."

वैजनाथ चौकटीला टेकला. त्याने फोन घेऊन तो निरोप त्यांना दाखवला. काकूंनी वाचला. पुन्हा वाचला.

"सगळ्यांना गेलं? ह्यांच्या नावाने?"

"फोनात ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना."

"डॉक्टरांना? दहाव्याच्या गुरुजींना?" काकू खुर्चीत बसल्या. "अहो, हा माणूस जन्मात कुणाकडे काही मागायला गेला नाही. आणि मी त्याला शंभर रुपयांसाठी दारोदार उभा केला!"

"चुकून झालं. मी सांगतो ना खाली."

"तुम्ही सांगाल आणि लोक ऐकतील? शनिवार पेठेत?" त्यांनी डोळे पुसले, फोन काढून घेतला आणि चपला शोधू लागल्या.

काकू जिना उतरून खाली पोचल्या. भाजीवाल्या मुक्ताईची तागडी हवेतच राहिली. काकू सरळ वैजनाथच्या टोपल्यांपाशी आल्या.

"निरोप माझ्या हातून गेला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ह्यांच्या हाराचे पैसे द्यायला हे अॅप घेतलं होतं."

"तसं काही नाही हो काकू," संतोष पुटपुटला. "आम्ही कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही कशाला म्हणाल, संतोषराव? तुम्ही तर लिंकवरून अॅप घेतलंतसुद्धा. एकच बक्षीस आलंय, आत्ता उतरताना पाहिलं, त्यापुढे तुमचं नाव आहे."

मुक्ताईने तोंडाला पदर लावला. संतोषचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला.

काकूंनी फोन पुढे केला. वैजनाथने पैसे घ्यायच्या क्यूआर कोडच्या पाटीवर झटकन ओला फडका टाकला. "नको काकू. काकांच्या हाराचे नाही घेणार मी."

"वैजनाथ," काकूंचा आवाज खाली आला, "तुम्ही घेतले नाहीत, तर मी बक्षिसासाठीच टाकलं, असं होईल. तुमची रीत मोठी आहे, मला माहीत आहे. पण आज माझी लाज झाका."

वैजनाथने त्यांच्याकडे पाहिलं. फोन त्यांनी अजून पुढेच धरला होता. ज्या रीतीचा त्याला अभिमान, तीच या घडीला या बाईला उघडं पाडत होती.

त्याने फडका उचलला, पाटी पुसली आणि काकूंच्या समोर धरली. पैसे आले की बोलणाऱ्या डब्याचा आवाज पूर्ण वाढवला.

"दोनशे पन्नास रुपये प्राप्त झाले," डबा गल्लीभर ओरडला.

काकूंनी पदर सारखा केला आणि जिन्याकडे वळल्या. वैजनाथ मान खाली घालून उभा राहिला, हातातल्या पाटीसकट, त्या वर पोचेपर्यंत.