मालक पडद्यामागे उभे राहायचे

मी पडदा बोलतोय. मूकपटांच्या पडद्याला वाचा फुटावी हे विचित्रच. पण ज्यांच्यासमोर मी जन्मभर गप्प राहिलो ती माणसं आता उरली नाहीत, तेव्हा कोणाची हरकत नसावी.

जन्माने मी शिडाचं कापड. जहाजावर जायचा होतो, पण मापात कमी भरलो आणि एका लहानशा गावातल्या धान्याच्या कोठारात येऊन टांगला गेलो. कोठाराचं थिएटर होत होतं. मला चुना फासला, चारी कडांना काळी पट्टी रंगवली आणि मालक म्हणाले, "झालं थिएटर." उंदरांना कोणी कळवलं नव्हतं, ते बरीच वर्षं धान्याची वाट बघत होते.

मालकांची एक रीत होती. चित्र कसं आहे हे ते चित्र बघून कधीच ठरवत नसत. माझ्या मधोमध, आपल्या डोळ्याच्या उंचीवर, त्यांनी वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं. खेळ सुरू झाला की माझ्या मागे उभं राहायचं, भोकाला डोळा लावायचा आणि लोकांचे चेहरे बघायचे. चित्र ठेवायचं की परत पाठवायचं, निकाल तिथेच लागे.

माझ्या पायाशी पेटीवाले काका बसत. माझ्यावर लग्न लागो की पूर येवो, ते एकच चाल वाजवत. एकदा ते म्हणाले, "मालक, एखादं चित्र पुढून बघा की कधी!"

"चित्रात काय बघायचंय? मारामारी, रडारड, लग्न. चेहरे बघावेत, काका. चेहऱ्यांना अभिनय येत नाही."

त्यांचे ठोकताळे पक्के होते. फार मोठा हशा झाला तर चित्र लवकर पडणार, कारण मोठ्याने हसणारा शेजाऱ्यासाठी हसतो. लोक नाकं शिंकरू लागले तर बरं. पण शिंकरताना नजर खाली गेली, तर नाही. आणि तोंडं उघडी पडून मिटायची राहिली, की वर यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरला निरोप जाई, "हे राहू दे." चित्रावर त्यांची नजर चुकून जाई ती मागूनच, आणि मागून ते उलटं दिसतं. त्यामुळे जगातले बहुतेक नायक डावखुरे असतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मग त्यांची मुलगी तापाने गेली. एकुलती एक. खेळाला ती आईजवळ बसायची आणि कंटाळा आला की मागे धावत येऊन बाबांचा सदरा ओढायची.

मुलीच्या आईला सगळे वहिनी म्हणत. त्या दिवसापासून वहिनी बोलेनाशा झाल्या. रडल्याही नाहीत. घरी भिंतीकडे बघत बसत, म्हणून मालक त्यांना रोज थिएटरात आणून बसवू लागले. इथली भिंत निदान हलती होती.

तेव्हापासून ठोकताळे बदलले. गर्दी खेचणारी चित्रं परत जाऊ लागली. ज्यांना लोक जांभया देत, ती मुक्काम ठोकू लागली. गाव म्हणालं, मालकांचं डोकं फिरलं. मला खरं ठाऊक होतं. भरल्या थिएटरात ते एकच खुर्ची बघत होते. वहिनींची पापणी लवली तर चित्र चांगलं. नाही लवली तर पाठवा परत.

एकदा मुख्य चित्राआधी दाखवायला एक छोटी रीळ आली. तिला ना कथा, ना नायक. धक्क्याला बोट लागते, फळी टाकतात, माणसं सामान घेऊन उतरतात, संपलं. लोक अजून जागा शोधत होते. आणि वहिनी हसल्या.

मालकांनी मागून मला घट्ट धरलं. मी हललो, बोट हलली, माणसं हलली. लोकांना वाटलं वादळ दाखवताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती रीळ रोज लागू लागली. मग खेळात दोनदा. मग मुख्य चित्र गेलं आणि नुसती बोटच उरली. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मालक, ती माणसं एव्हाना घरी पोचून जेवली असतील की हो!" हळूहळू ओरडणारेही येईनासे झाले. शेवटी पेटीवाले काकांनी पेटी बंद केली. म्हणाले, "रागावू नका मालक. रिकाम्या खुर्च्यांना पाठ करून वाजवायचं म्हणजे सारखं वळून बघावंसं वाटतं. आणि वळायचा धीर होत नाही."

आता मला काय कळत होतं ते सांगतो. उजेड कुठे पडतो, सावली कुठे पडते, हे पडद्याला अंगावर कळतं. त्या फळीवरून एक लहान सावली उतरू लागली होती. पहिल्या खेळाला ती मला जाणवली नव्हती. बाकीची माणसं उतरून कडेला निघून जात. ती रोज थोडी पुढे येई. माझ्या मध्यापर्यंत आली आणि भोकापाशी टाचा उंच करून उभी राहू लागली. मालकांना ती दिसत नव्हती. त्यांचा डोळा भोकाला होता आणि नजर वहिनींवर. दोघांमध्ये फक्त माझी जाडी.

एके दुपारी ऑपरेटर खाली आला. "मालक, रीळ पार झिजलीय. आज-उद्या तुटणार."

मालकांनी आपली मागची जागा सोडली. मग पुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसले, वहिनींच्या शेजारी. "लाव," म्हणाले.

बोट आली, माणसं उतरली. लहान सावली उतरली नाही.

"तुम्ही इकडे कशाला आलात?" वहिनी म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी! "आता ती यायची नाही. ती तुम्हाला शोधायला येते. मागे."

मालकांचं तोंड उघडं राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "आणि तू हसतेस ते कशाला?"

"तुम्ही इतके जवळ, आणि तिला सापडत नाही! हसू येणार नाही?"

वहिनी उठल्या. "चला. दोघंही मागे जाऊ. सापडू तिला."

"पुन्हा लाव रे," मालक वर ओरडले.

"तुटेल, मालक!"

"तुटू दे."

दोघं माझ्या मागे येऊन उभी राहिली. बोट लागली. लहान सावली फळीवरून उतरली, सरळ माझ्या मध्यापर्यंत आली. पण थांबली नाही. माझ्या खालच्या कडेवरून ती समोरच्या अंधारात उतरली.

वरून ऑपरेटरचा आवाज आला, जरा घोगरा. "मालक... दार लावलंय ना? पुढे कोण बसलंय?"

मालकांनी सवयीने भोकाला डोळा लावला.

"आवडतंय का तिला?" वहिनींनी विचारलं.

मालकांनी भोकावरचा डोळा काढला नाही. "ती चित्र बघतच नाहीये गं. माझ्याकडे बघतेय."

तेवढ्यात रीळ तुटली. मी पांढराफटक झालो आणि सगळ्या खुर्च्या लख्ख दिसल्या. एकूण एक रिकाम्या. पण माझ्या मध्यावर, भोकापाशी, एवढीशी सावली होती. चित्र नसताना. ऑपरेटरने दिवा घालवला, तरी ती माझ्यावरून गेली नाही.

त्या दुपारी वहिनी रडल्या. मला मागून कवटाळून, ओरडून रडल्या. दुसऱ्या दिवशी सुईदोरा घेऊन आल्या. मालक म्हणाले, "राहू दे ना भोक." वहिनी म्हणाल्या, "नको. किती शोधायचं तिनं? दमेल." आणि त्यांनी भोक शिवलं. बारीक टाके घातले, लहान मुलीच्या कपड्याला घालावेत तसे. त्यानंतर त्या घरी बोलू लागल्या, मालकांवर ओरडू लागल्या, म्हणजे बऱ्या झाल्या. मालक मात्र पुन्हा कधी मागे उभे राहिले नाहीत.

पुढे बोलपट आले आणि त्यांच्याबरोबर नवा पडदा. मला घडी करून मोडक्या खुर्च्यांशेजारी ठेवलं. मालक गेले, वहिनी गेल्या. आता कोणी म्हणतं, मला मालावर झाकायला घ्यावं. घ्या, माझी तक्रार नाही.

एकच विनंती आहे. या घडीच्या आत, टाक्यांजवळ, अजून कोणीतरी टाचा उंच करतं. मालक-वहिनी गेल्याचं तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि माझ्याच्यानं सांगवत नाही. तेव्हा मला उलगडाल त्या दिवशी, क्षणभर माझ्या मागे जाऊन उभे राहा. कोणीही चालेल.