चुलीविना खोली

होडी ठेवायच्या मांडवाला भिकूने स्वतःच्या हाताने चिऱ्याच्या भिंती घातल्या होत्या. शेवटच्या भिंतीला तो ओळंबा लावत असतानाच नगरपालिकेचे ओव्हरसियर परवानगीच्या पाहणीसाठी आत आले.

"राहायला खोली करताय ना? वेगळं बिऱ्हाड, की घराचाच भाग? चुली किती होणार?"

भिकूचा हात थांबला. सून शकू सासूच्या जाचाला कंटाळून दिघीला माहेरी जाऊन बसली होती. वेगळी चूल द्या, तरच पोटातलं पोर घेऊन येते, असा तिचा निरोप होता. मुलगा सदा मुंबईला गोदीत. बायको आणि आई यांच्या मध्ये पडायची त्याची काही छाती नव्हती. खोलीचा सगळा खटाटोप त्या चुलीसाठीच होता. पण कुंपणापाशी शेजारणी कान देऊन उभ्या होत्या. आपलं घर फुटलं हे कोळीवाड्याला आपल्याच तोंडून कळायचं, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"चूल एकच. हाय तीच," तो म्हणाला. "हितं निस्तं निजायचं."

"मग इथे चूल मांडायची नाही. मांडलेली दिसली तर परवानगी रद्द होईल."

साहेब गेले. अंगणात बोंबील वाळत घालणारी केसर नवऱ्याकडे बघतच राहिली.

"सुनंला काय सांगशील आता?"

भिकू पुन्हा ओळंब्याकडे वळला. 'खोली झाली' एवढाच निरोप त्याने दिघीला धाडला.

परवानगी हातात पडली त्याच आठवड्यात शकू तरीने खाडी ओलांडून आली. ट्रंक दाराशी ठेवून ती सारवलेल्या खोलीत शिरली आणि चारी कोपरे बघून बाहेर आली.

"मामा, चूल कुठं हाय?"

भिकूने मान खाली घातली. शकूने ट्रंकेची कडी धरली.

"परवान्यात चूल न्हाय," मागून केसर म्हणाली. तिच्या काखेत स्वतःची वळकटी होती. ती घेऊन केसर नव्या खोलीत गेली. "हितं आमी दोघं निजू. घर तुजं, चूल तुजी."

शकूला खरंच वाटेना. या बाईने तिला कधी कालवणात मीठसुद्धा टाकू दिलं नव्हतं.

"आन् तुमचं जेवण, आत्या?"

केसर वळकटीची दोरी सोडत बसली. गाठ सुटत नव्हती.

"तू वाढशील तं जेवू," ती म्हणाली. पण वर बघायचा धीर तिला झाला नाही.