मी, बांधलेला दोर; मी, कापलेला दोर

मी दोर बोलतोय. चाळीस हात लांब होतो, आता पंचवीसच उरलोय.

शिवाजी पेठेत मीरासाब नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं मला वळलं. घोड्याच्या अंगाला काचू नये म्हणून नुसतं सूत वापरलं. कसबा बावड्याच्या अनुजानं मला नेलं. तिच्याकडं रेवडी नावाची ठिपक्यांची घोडी होती. दोघींना लांबच्या रानवाटांची भारी हौस. चार-चार दिवसांची रपेट. खोगिरामागच्या पिशवीत दाणा, बादली, खरारा आणि मी. मुक्कामाला मला दोन झाडांत उंच ताणायचं आणि रेवडीच्या म्होरकीची आखूड दोरी माझ्यात अडकवायची. रात्रभर ती माझ्याखाली गवत खात उभी राहायची. तिचा ऊन श्वास मला लागायचा.

गेल्या थंडीत आम्ही गगनबावड्याच्या पुढं सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, मुक्काम केला. सोबत आपला काळा घोडा घेऊन तौसीफ होता. घोड्यांना नाल मारणारा, अनुजाला ताई म्हणणारा. जागेवर जांभळाचं एकच झाड होतं. दुसरं टोक अनुजानं कमरेएवढ्या खुंटाला बांधलं.

"ताई, दोर लई खाली लागलाय. घोडीचा पाय अडकंल की."

"आज हातच वर जाईनात रे. उद्या नीट बांधू."

मला तेव्हाच भीती वाटली. पण दोराला कोण विचारतं?

मध्यरात्री जांभळाच्या बुंध्यातून मला हादरा जाणवला. जमीन धमधमत होती. गवे! सात-आठ काळी धुडं समोर येऊन थांबली. रेवडी फुरफुरली, मागच्या पायांवर उभी राहिली, आणि खाली येताना तिचा पुढचा डावा पाय माझ्या पलीकडं पडला. तिनं ओढलं. मी आवळलो. तिनं आणखी जोर केला, मी कातडीत रुतलो. मला सैल व्हायचं होतं हो! पण माझ्या हातात काय होतं? तिचं रक्त माझ्या सुतात मुरत होतं आणि ती किंचाळत होती.

अनुजा चाकू घेऊन धावली. तौसीफ ओरडला, "पुढनं नगं ताई! खांद्याकडनं जावा!"

"कापला तर ही कड्याकडं पळंल रे!"

"न्हाय कापला तर पाय जाईल तिचा!"

मग तिनं जांभळाच्या बाजूनं मला कापलं. खुंटावरची गाठ निसटली. पंधरा हात दोर फरपटत रेवडी अंधारात गेली, कड्याच्याच दिशेनं. टापांचा आवाज ऐकू आला आणि मग एकदम बंद झाला.

अनुजा बॅटरी घेऊन हाका मारत गेली. तौसीफ आपल्या काळ्या घोड्याला धरून बसला. गवे केव्हा गेले कळलंच नाही. मी झाडाला लोंबकळत उजाडायची वाट बघत होतो, आणि उजाडूच नये असंही वाटत होतं.

सकाळी अनुजा आली. मागून लंगडत रेवडी. कड्याच्या अलीकडं, नाचणीच्या कापलेल्या शेतात उभी होती म्हणे.

घरी अनुजाचे चुलते हंबीरराव चिडले. "दोरच वाईट हाय त्यो. टाक चुलीत!"

"न्हाय तात्या. दोर चांगला हाय. मीच खाली बांधला. चूक माझी हाय."

त्या वेळी मला रडता आलं असतं तर रडलो असतो.

रेवडीच्या पायाची जखम भरलीय, केस मात्र तिथं पांढरे आलेत. मला बघितलं की तिची कातडी अजून थरथरते. म्हणून अनुजा रोज संध्याकाळी मला दाण्याच्या टोपलीजवळ ठेवते आणि लांब जाऊन बसते.

घोडं घेऊन रानात जाणाऱ्यांनो, दमला असाल तरी दोर उंच बांधा. एवढंच मागतो.

काल रेवडी चार पावलांवर थांबली. मग एक पाऊल पुढं आली. आणखी एक. मी निपचित पडून होतो. वारा सुटू नये, माझं टोक हलू नये, एवढंच मनात म्हणत होतो.