फाट्यावर थांबलेला टँकर

त्या दिवशी सकाळपासूनच आभाळ पांढरंफट होतं. वारा होता, पण गार नव्हे. चुलीपुढं बसल्यावर तोंडाला लागतो तसला. वैशाखात आमच्या जळकोटकडं ऊन जरा वर आलं की कुत्रीसुद्धा सावली धरतात. माझा पत्रा तर असा तापला होता की चिमणी टेकायची आणि लगेच उडायची.

मी पाण्याचा टँकर बोलतोय. शिकलेला नाही, त्यामुळं सांगताना मागंपुढं होईल. घाई नसेल तर ऐका.

माझा जन्म साध्या ट्रकचा. तरुणपणी लातूरच्या आडतीत तुरीची पोती वाहिली. पुढं जळकोटच्या वीरण्णानं मला विकत घेतलं, पाठीवरच्या फळ्या काढल्या आणि टाकी बसवली. तेव्हापासून उन्हाळा आला की माझे दिवस. भरून जायचं आणि गावच्या विहिरीत पाणी ओतायचं. मग बाया तेच पाणी पोहऱ्यानं वर ओढायच्या. सरळ घागरीत घेतलं तर भांडणं होतात म्हणे. माणसांचं सगळंच मला कळत नाही, पण असू दे.

विहिरीपर्यंत पोचायच्या आधी वाटेत कुणी ना कुणी हात करणारच. खुरपायला आलेली बाई, शेळ्यामागचा म्हातारा. हात दिसला की थांबायचं, तोटी उघडायची, घागरभर द्यायचं आणि निघायचं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पण न थांबणाऱ्याला पुढल्या खेपेला त्या गावात चहा मिळत नसे, शिव्या मिळत.

सत्यम माझ्यावरच शिकला. गावातल्या कस्तुराबाईचा थोरला. बारावीनंतर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढला. पाइप ओढायचा, काच पुसायचा, चाकामागं दगड लावायचा. हळूहळू स्टिअरिंग हातात आलं. आपल्याला कोण चालवतंय ते पायावरून कळतं. भरल्या टाकीतलं पाणी मागंपुढं हेलकावतं, ब्रेक दणका मारून दाबला तर ते मागून ढकलतं. सत्यमचा पाय मऊ होता. दूध उतू जाऊ नये म्हणून आई जाळ कमी करते ना, तसा.

दिवाळीनंतर त्याला हेवीचं लायसन मिळालं. कस्तुराबाईनं माझ्या बोनटला हळद-कुंकू लावलं, जणू परीक्षा मीच पास झालो.

पण पुढं काय? नांदेडला गेला, लातूरला गेला, उदगीरला गेला. सगळीकडं पहिला सवाल, "अनुभव किती?"

"मालक, गाडी दिल्याशिवाय अनुभव कसा यील?"

"आन अनुभव आल्याशिवाय गाडी कशी देऊ?"

दोघंही हसत. सत्यमचं हसू घरी येईपर्यंत सुकून जायचं. मग तो माझ्या केबिनमध्ये नुसताच बसून राहायचा. किल्लीसुद्धा लावायचा नाही.

अशात कुणीतरी सांगितलं की आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते तिकडं, तेलाच्या विहिरी आहेत. कच्चं तेल टँकरनं वाहून न्यायचं काम. पगार चांगला, राहायला खोली. वीरण्णाला हे ऐकून लई गंमत वाटली. "आरं, आपल्याकडं टँकर विहिरीत रिकामा करतेत, तिकडं विहिरीवर भरून घेतेत व्हय? उलटीच दुनिया हाय की!"

सत्यमनं तेलाच्या गाडीसाठी लागतं ते ट्रेनिंगही केलं. पण सवाल तोच, अनुभव. शेवटी दयानंद नावाचा माणूस भेटला. देगलूरचा. बरीच वर्षं त्यानं त्या विहिरींवर टँकर चालवलेला, आता ठेकेदाराला ड्रायव्हर शोधून द्यायचा. तो म्हणाला, "कागद राहू दे. मी उदगीरला येणार हाय, तिथून जळकोटला येतो. तुझी गाडी भरून ठेव. रिकामी कुणीबी पळवतं. नांदेडपर्यंत तुझा हात बघतो."

अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. महिनाअखेर माझं आरटीओचं पासिंग संपत होतं आणि वीरण्णा म्हणाला होता, आता पुरे. मी बंद पडलो की सत्यमला हात दाखवायला गाडीच उरणार नव्हती.

तर तो तापलेला दिवस. दयानंद आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली. किन्नरच्या बाजूला बसून म्हणाला, "हे बघ पोरा. मागं पाणी हाय हे इसर. तेल हाय समज. तसं चालव."

"हाव मामा."

आणि काय चालवलं त्यानं! घाटातला उतार असा उतरवला की मागचं पाणी जागचं हललं नाही. दयानंदनं दाराला धरलेला हात सोडून दिला. मी म्हटलं, जमलं पोराचं.

कंधारच्या अलीकडं एक फाटा आहे. तिथं एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी होती. तिनं हात केला.

सत्यमचा पाय ब्रेकवर आला. मला आधी कळलं. नको, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्यानं दाबल्याशिवाय वाजत नाही. आणि ब्रेक दाबला की थांबायचं, एवढंच मला येतं. मी थांबलो.

"मामा, एकच घागर," असं म्हणत तो उतरलासुद्धा.

एकच कुठली. तोटीचा आवाज झाला आणि घराघरातून बाया धावल्या, मागून म्हातारेकोतारेही. "आज कसा काय आलास रं? वाट चुकलास का बायको बघायला निघालास?" एकीनं विचारलं. म्हातारी म्हणाली, "गप गं! लेकरा, तुझं भलं हुईल बघ. कुठं निघालास?"

"नोकरीला, आजी."

"लागंल, लागंल. न लागायला काय झालं!"

दयानंद खाली उतरला. त्यानं रुमाल माझ्या पाण्यात भिजवला, तोंड पुसलं आणि बाभळीखाली जाऊन उभा राहिला. मग तो वर येऊन बसला. गाडी हलली तेव्हा कुठं सत्यमला कळलं, आपण काय करून बसलो ते. त्याच्या तळहाताचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागत होता.

नांदेडच्या अलीकडं विष्णुपुरीजवळ दयानंदनं गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"हात चांगला हाय तुझा. त्यात खोट न्हाई."

"मग मामा?"

"तेल हाय समज म्हणलो होतो. तू थांबलास. तोटी खोललीस. माणसं गोळा केलीस. त्यात एका म्हाताऱ्याच्या तोंडात बिडी होती, बघितलीस?"

"न्हाई."

"मी तेवढीच बघून राहिलो होतो."

"पण मामा, पाणी होतं ते."

"म्हणून तर आपण दोघं आता बोलून राहिलो."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. अशाच एका बिडीनं जळालेलं कुणीतरी आठवत असावं त्याला. मग म्हणाला, "ड्रायव्हर म्हणून तुझं नाव देता येत न्हाई. किन्नर म्हणून देतो. दोन वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बस. मग बघू."

सत्यमचा हात माझ्या गिअरवर होता. बराच वेळ त्यानं तो काढला नाही. मला काय करता येणार होतं? इंजिन चालू होतं, तेवढं चालू ठेवलं.

आता तो तिकडं आंध्रात किन्नर म्हणून गेलाय. माझं पासिंग संपलं. वीरण्णानं बॅटरी काढून नेली आणि मला कस्तुराबाईच्या घरामागं, शेजारीण मल्लम्माच्या भिंतीला लागून उभं केलं. पोटाखाली कोंबड्या बसतात. मल्लम्मा बोनटवर कुरडया वाळत घालते. पत्रा तापतो, त्याचा तेवढा तरी उपयोग.

कस्तुराबाई सगळ्यांना सांगते, पोरगा ड्रायव्हर म्हणून लागला. ती खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. काल फोन आला तेव्हा माझ्या पायरीवर सावलीत बसून बोलत होती. मल्लम्मा कुरडया उलटत होती. फोन मोठ्यानं लावलेला, म्हणून आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"आई, इकडंबी रस्त्यावर लोक हात करतेत. आमची गाडी थांबत न्हाई. पहिल्यांदा माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा. किन्नरच्या बाजूला ब्रेक नसतोय, तरीबी."

"आन आता?"

"आता कमी झालंय."

"बरं झालं बाबा," कस्तुराबाई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

ऐकणाऱ्यांत कुणी गाड्यांचा मालक असेल तर माझं एक मागणं आहे. नव्या पोराचा अनुभव विचारण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. तो चुकला तर त्याला पुन्हा एकदा बसू द्या. मला बोलून दाखवता येतं तेवढंच. तुमच्या दारात मी येऊ शकत नाही.

काल कस्तुराबाई आत गेल्यावर मल्लम्मा मात्र तिथंच थांबली होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं माझ्या पत्र्यावर हात ठेवला, पोळला तरी काढला नाही, आणि म्हणाली, "शिकंल रं म्हाताऱ्या, ते पोरगं न थांबायला शिकंल. त्याचंच भ्या वाटून राहिलं मला."